तोलेदो कधी पडावं?

आमच्या आयबेरियाच्या, म्हणजे मध्ययुगीन स्पेन-पोर्तुगालच्या, कॉम्प्युटर खेळाच्या पहिल्या चाचणीत तोलेदो शहर तिसऱ्या टर्नला, म्हणजे तिसऱ्या पाळीला, पडलं. पाठोपाठ ग्रानादा, मग वालेन्सिया, मग बादाहोस. खेळातल्या स्वतंत्र शहरांचा रंग करडा असतो आणि आमच्या नकाशात ती मुद्दाम भरपूर ठेवली होती. विसाव्या टर्नला त्यातलं एकही उरलं नव्हतं. एक टर्न म्हणजे सहा महिने, असा आमचा हिशेब. 1080 ला सुरू झालेली मोहीम 1090 ला पोचेपर्यंत आयबेरियाचं राजकारण संपलं होतं आणि चार मोठे रंग एकमेकांना धडका देत बसले होते.

त्या रात्री मला मनापासून वाईट वाटलं. आम्ही तिघं मिळून ‘मेडिव्हल टू: टोटल वॉर’ या 2006 च्या खेळावर आयबेरियाचा मॉड, म्हणजे त्याच खेळाची बदललेली आवृत्ती, करत होतो. एकाकडे नकाशा, दुसऱ्याकडे सैनिकांचे मॉडेल आणि टेक्स्चर (त्यांच्यावरचं रंगकाम), माझ्याकडे मोहीम: कोणत्या सत्ता, किती पैसा, कुठे किती सैन्य, आणि खेळात ठरावीक घटना घडवणारी स्क्रिप्ट. मूळ खेळही 1080 लाच सुरू होतो, पण आयबेरियासाठी ते साल सोन्यासारखं आहे. कोर्दोबाची खिलाफत 1031 मध्ये संपली आणि तिच्या तुकड्यांतून ताइफा नावाची छोटी छोटी राज्यं उभी राहिली. उत्तरेची कॅस्टिल, आरागॉनसारखी ख्रिस्ती राज्यं त्यांच्याकडून खंडणी घेत होती, ताइफा एकमेकांविरुद्ध त्याच ख्रिस्ती राजांची फौज भाड्याने आणत होती, आणि समुद्रापलीकडे मोरोक्कोत अल्मोराविद हे बर्बर राज्यकर्ते ताकद जमवत होते. या मॉडचा जीव त्या लहान राज्यांत होता. तीच दहा वर्षांत नाहीशी होत असतील तर बाकीचा नकाशा कितीही देखणा असला तरी काय उपयोग?

कोणीही विचारेल, की मग प्रत्येक ताइफाला पूर्ण सत्ता का नाही केलं? काहींना केलं. सेव्हिया आणि सारागोसा या आमच्याकडे खेळता येणाऱ्या सत्ता आहेत. पण पूर्ण सत्ता उभी करायची तर घराणं हवं, नावांची यादी हवी, झेंडे, चिन्हं, नकाशावर चालणारे सेनापती, प्रत्येक सैनिकाचं त्या रंगातलं टेक्स्चर हवं. आणि एका शहराची सत्ता कॉम्प्युटरच्या हातात दिली की ती बहुतेक वेळा भलत्याच शेजाऱ्यावर चालून जाते आणि संपते. म्हणून तोलेदो, बादाहोस, ग्रानादा, आल्मेरिया, वालेन्सिया, अल्बारासिन ही शहरं स्वतंत्र ठेवली.

स्वतंत्र म्हणजे खेळाच्या भाषेत ‘स्लेव्ह’. फाइलमध्ये त्या गटाचं नाव तेच आहे. रस्त्यावर उगवणारे लुटारू, उठाव झालेलं शहर, आणि पिढ्यान् पिढ्या राज्य करणारा ग्रानादाचा झिरी राजा, सगळे एकाच नावाखाली. मराठीत आपल्याकडे याला किती शब्द आहेत: पुंड, बंडखोर, मांडलिक, अंकित, स्वतंत्र संस्थानिक. प्रत्येकाशी वागायची तऱ्हा वेगळी. खेळाकडे एकच खाना आहे आणि त्या खान्यातल्या सगळ्यांचं सगळ्या जगाशी कायमचं युद्ध असतं. त्यांच्याशी तह होत नाही, व्यापाराचा करार होत नाही. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते शेजारी पडलेलं, कुणाचंही नसलेलं शहर असतं, आणि तो आधी तिकडेच वळतो. माझ्या पुढच्या आठ महिन्यांच्या कामाचं मूळ त्या एका खान्यात होतं.

पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच केला. शिबंदी वाढवली. मोहिमेची सुरुवात ज्या फाइलमध्ये लिहिलेली असते, त्या डेस्कर-स्ट्रॅटमध्ये प्रत्येक स्वतंत्र शहरात बारा ते चौदा तुकड्या बसवल्या. एका सैन्यात वीसच तुकड्या मावतात, त्यामुळे हा आकडा भरपूर वाटला. तोलेदोला भालाईत, धनुर्धारी, वर चांगले घोडेस्वार. शहरांना सैनिक भरती करण्याची मुभाही दिली आणि त्यांच्या तिजोरीत दर टर्नला ठरावीक रक्कम टाकली.

चाचणीत चित्र पार उलटं झालं. कॅस्टिलने तोलेदोला दोनदा वेढा घातला, दोन्ही वेळा फौज गमावली, आणि तिसऱ्यांदा त्या दिशेने गेलंच नाही. तिथून पुढे साठ टर्न कॅस्टिल आणि आरागॉन एकमेकांत लढत राहिले. तोलेदो 1085 मध्ये पडलं हे शाळकरी पुस्तकातही सापडेल. आमच्या मॉडमध्ये ते 1120 मध्येही ताठ उभं होतं. आणखी एक गोष्ट ध्यानात यायला मला बराच वेळ लागला. सगळ्या स्वतंत्र शहरांची तिजोरी एकच असते. बादाहोस पडलं की त्याच्या शिबंदीचा खर्च वाचतो, आणि तो पैसा ग्रानादाच्या भरतीला जातो. म्हणजे जे शहर शेवटपर्यंत टिकेल ते सगळ्यांत फुगलेलं. एका चाचणीत आल्मेरियात वीसच्या वीस तुकड्या भरल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या जड चिलखताच्या.

माणूस खेळायला बसला की याच शहरांचा वेगळाच घोटाळा व्हायचा. आमच्यापैकी मॉडेल बनवणारा मित्र चांगला खेळाडू आहे. त्याने कॅस्टिल घेतलं, तोलेदोला वेढा घालून तो नुसता बसून राहिला, शिबंदी उपाशी होऊन बाहेर पडली तेव्हा तिला उघड्यावर गाठलं. एवढ्या मोठ्या फौजेला हरवल्यामुळे त्याच्या सेनापतीचे तारे आणि तुकड्यांचा अनुभव इतका वाढला की पुढे त्याला कोणी अडवू शकेना. म्हणजे माझी जड शिबंदी कॉम्प्युटरसाठी भिंत होती आणि माणसासाठी शिकारखाना.

मी आकडे खालीवर करत राहिले. दहा तुकड्या, आठ, नऊ. घोडेस्वार काढ, तट वाढव, तिजोरी आटव. तटाची एक पातळी वाढवली की कॉम्प्युटर वेढ्याची साधनं बांधायला जास्त टर्न घेतो, त्यामुळे तेवढा वेळ मिळतो, हे खरं. पण प्रत्येक बदलानंतर शहरं एक तर लगेच पडत किंवा अजिबात पडत नसत. शिवाय सुरुवातीच्या फाइलमधला बदल जुन्या सेव्हला लागत नाही, दर वेळी नवी मोहीम सुरू करावी लागते. कोपऱ्यातली एखादी सत्ता घ्यायची, कन्सोलमधून धुकं काढून सगळा नकाशा उघडा करायचा, आणि काही न करता टर्न संपवत राहायचं. शंभर टर्नला एक अख्खी संध्याकाळ जायची. कोणतं शहर कितव्या टर्नला कोणाकडे गेलं ते मी वहीत लिहीत होते.

त्या वहीनेच मला अडवलं. मी खऱ्या तारखा शेजारच्या रकान्यात लिहिल्या होत्या, नुसत्या तुलनेसाठी. तोलेदो 1085. ग्रानादा 1090, सेव्हिया 1091, बादाहोस 1094, तिन्ही अल्मोराविदांकडे. वालेन्सिया 1094 मध्ये एल सिद या कॅस्टिलच्या सरदाराकडे आणि 1102 मध्ये अल्मोराविदांकडे. अल्बारासिन 1104. सारागोसा 1110 मध्ये अल्मोराविदांकडे, 1118 मध्ये आरागॉनकडे. ही रांग मी कितीतरी वेळा पाहिली होती, पण त्या दिवशी प्रश्न वेगळा पडला. कॅस्टिल-लेऑनचा राजा आल्फोन्सो सहावा याला तोलेदो घ्यायचं होतं आणि ताकदही होती, मग त्याने ते 1080 मध्येच का नाही घेतलं?

उत्तर खंडणीत आहे. परिआस नावाची ही खंडणी सोन्यात यायची आणि कॅस्टिल-लेऑनचा डोलारा बराचसा तिच्यावर उभा होता. 1077 मध्ये आल्फोन्सोने फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठाला द्यायची वार्षिक देणगी दुप्पट करून 2000 सुवर्णनाणी केली. ते सोनं दक्षिणेकडून येत होतं. ग्रानादाचा शेवटचा झिरी राजा अब्दुल्ला याने पदच्युत झाल्यावर मोरोक्कोतल्या अघमातच्या कैदेत आपल्या आठवणी लिहिल्या. त्यात आल्फोन्सोच्या धोरणाचं जे वर्णन आहे ते वाचून मी खुर्चीतून उठले. शहरावर हल्ला करून माणसं आणि पैसा कशाला घालवायचा? एकाला दुसऱ्यावर घालायचं, दोघांकडून पैसे घ्यायचे, पैसे द्यायला राजा प्रजेवर कर वाढवणार, प्रजा चिडणार, फौज कमी होणार, आणि एक दिवस शहर आपोआप हातात येणार.

मी आठ महिने शहराची ताकद ठरवत बसले होते. ती ठरायला नको होती, झिजायला हवी होती.

तिथून सगळं नव्याने लिहिलं. आधी स्वतंत्र शहरांची भरती पूर्ण बंद केली आणि तिजोरीत शिबंदीच्या खर्चापुरतंच ठेवलं. सुरुवातीची शिबंदी सहा-सात तुकड्यांवर आणली. मग प्रत्येक शहराला स्क्रिप्टमध्ये एक काउंटर, म्हणजे झीज मोजणारा आकडा, दिला. दर हिवाळ्यात, शहर अजून स्वतंत्र असेल तर, खंडणी घेणाऱ्या सत्तेच्या तिजोरीत रक्कम जमा होते आणि काउंटर एकाने वाढतो. शहराला वेढा पडला की स्क्रिप्ट आतमध्ये ज्यादा तुकड्या उभ्या करते. राजाने शेवटच्या क्षणी गोळा केलेली माणसं आहेत ती. किती उभ्या राहायच्या ते काउंटरवर. पहिल्या दोन वर्षांत आठ, मग पाच, मग दोन, आणि झीज पूर्ण झाली की एकही नाही.

माणूस खेळत असेल तर दर हिवाळ्यात त्याला विचारलं जातं, खंडणी घ्यायची की सोडायची? घेतली तर आज पैसा मिळतो आणि शहर पोखरतं. सोडली तर शहर धड राहतं, पण दक्षिणेच्या सरहद्दीवर अल्मोराविदांना अडवायला एक उंबरठा शिल्लक राहतो. लवकर हल्ला केला तर पूर्ण शिबंदीशी गाठ, शिवाय दरवर्षीचं सोनं कायमचं बंद. मित्राने पहिल्यांदा हे खेळून पाहिलं तेव्हा तोलेदोसमोर फौज नेऊन तो परत फिरला. त्याचा हिशेब साधा होता, अजून दोन वर्षं पैसे येऊ देत. मला हवं होतं ते नेमकं हेच. करड्या शहराकडे पाहून त्याला पहिल्यांदा प्रश्न पडला होता.

अडचणी पुष्कळ आल्या. वेढा घालायचा, उठवायचा, पुन्हा घालायचा असं केलं की दर वेळी नवी माणसं उभी राहात. त्यासाठी दुसरा काउंटर लावून एकदा जमवाजमव झाली की चार टर्न पुन्हा होणार नाही असं केलं. बर्बर घोडेस्वारांच्या मालकीच्या ओळीत ‘स्लेव्ह’ लिहायचं राहिलं होतं, त्या तुकडीपाशी खेळ बंद पडत होता आणि लॉगमध्ये नीट ओळ सापडेपर्यंत दोन दिवस गेले. मालकी दिली तर टेक्स्चर नव्हतं, आणि लढाईत ग्रानादाचे रक्षक नखशिखांत चांदीसारखे चमकत उभे राहिले. हे सगळं एकदा केलं की सुटतं, त्यात फार रमण्यासारखं नाही.

पुंडांचं मात्र सांगायला हवं, कारण लोक बंडखोरांचा समतोल म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक हेच असतात. ते किती वेळा उगवावेत याचा एक आकडा सुरुवातीच्या फाइलमध्ये असतो आणि तो उलटा चालतो, वाढवला की पुंड कमी होतात. मी तो वीसवरून साठवर नेला. त्याहून जास्त फरक यादीने पडला. प्रत्येक प्रदेशाच्या नोंदीत तिथल्या बंडखोरांच्या प्रकाराचं नाव असतं, आणि त्या प्रकारात कोणत्या तुकड्या येतील ते वेगळ्या फाइलमध्ये. तिथे आम्ही पूर्वी सगळीकडे सरसकट एकच यादी लावली होती. त्यामुळे घाटात दबा धरणाऱ्या टोळीत चिलखती घोडेस्वार निघत आणि दोन टोळ्या मिळून एखाद्या लहान राज्याची रसद तोडत. आता डोंगराळ मुलखात हलके भालाफेके आणि गोफणवाले येतात, दुएरो आणि ताहो नद्यांमधल्या उजाड सरहद्दीवर हलके स्वार. पुंड त्रास देतात, राज्य बुडवत नाहीत. राज्य बुडवायचं काम मोठ्या माणसांचं.

सेव्हिया आणि ग्रानादाचं वैर मला फार दिवस छळत राहिलं. 1079 मध्ये काब्राला या दोघांची लढाई झाली आणि दोन्ही बाजूंना कॅस्टिलचे सरदार होते. ग्रानादाकडून गार्सिया ओर्दोन्येस, सेव्हियाकडून रोद्रिगो दियास, जो पुढे एल सिद म्हणून गाजला. खंडणी गोळा करायला आलेले दोन सरदार एकमेकांवर तलवार उपसतात, हे आमच्या मॉडमध्ये दिसलं नाही तर मॉड कशाला करायचा? पण ग्रानादा करड्या खान्यात, तो आपणहून कुठे चालून जात नाही. शेवटी स्क्रिप्टने सेव्हियाच्या हद्दीत ग्रानादाची फौज उतरवली आणि सेव्हियाशी ग्रानादाचं नातं कसं चाललंय यावर ती कितव्या वर्षी येईल ते बांधलं. सेव्हियाने ग्रानादाला धक्का लावला नाही तर ती उशिरा येते. हे जोडकाम आहे आणि तसं दिसतं. याहून बरा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

वालेन्सिया सगळ्यांत अवघड गेलं आणि त्यावर माझा सगळ्यांत जास्त जीव आहे. मूळ खेळात एल सिद सुरुवातीपासून वालेन्सियात बसलेला असतो. पण 1080 मध्ये तो तिथे नव्हता. 1081 मध्ये आल्फोन्सोने त्याला हद्दपार केलं, मग तो सारागोसाच्या राजाच्या चाकरीत गेला, आणि वालेन्सिया त्याने 1094 मध्ये घेतलं. मधल्या काळात तिथे कोण? तोलेदोचा गादी गमावलेला अल्-कादिर. तोलेदो घेताना आल्फोन्सोने त्याला वालेन्सिया मिळवून देण्याचं कबूल केलं होतं आणि 1086 मध्ये त्याला तिथे बसवलं. 1092 मध्ये शहरात उठाव झाला आणि तो मारला गेला. एका शहराची वाट दुसऱ्या शहराच्या पडण्यातून जाते. म्हणून मी वालेन्सियाची झीज सालावर ठेवली नाही, तोलेदोवर ठेवली. तोलेदो कॅस्टिलकडे गेलं की वालेन्सियात नवा राजा येतो, खंडणी दुप्पट होते, काउंटर दुप्पट वेगाने चढतो. तो भरला की उठाव. त्यानंतर एल सिद जिवंत असेल आणि सारागोसाच्या चाकरीतून मोकळा झालेला असेल तर शहर त्याच्याकडे जातं.

पण एल सिदही करड्या खान्यातला आणि वालेन्सियाही. एकाच गटातले दोघे एकमेकांशी लढू शकत नाहीत. तो वेढा, उपासमार, ती वाट पाहणं, यातलं काही मला दाखवता आलं नाही. शहराची शिबंदी स्क्रिप्टने बदलते आणि पडद्यावर चार ओळींचा मजकूर येतो. त्या चार ओळी मी अकरा वेळा लिहिल्या. एल सिद आत आला की काउंटर शून्यावर जातो, कारण त्याला कोणी खंडणी मागत नाही, उलट तोच आसपासच्या गढ्यांकडून घेतो. तो मेल्यावर झीज पुन्हा सुरू होते. खऱ्या इतिहासात तो 1099 मध्ये गेला आणि त्याच्या बायकोने, हिमेनाने, शहर 1102 पर्यंत धरून ठेवलं. आमच्याकडे त्याच्या मृत्यूनंतर झिजायला सहा टर्न दिले आहेत.

अल्मोराविदांची बाजू थोडक्यात सांगते. तोलेदो पडलं की त्यांना फौज आणि पैसा मिळतो. खऱ्या इतिहासातही ताइफांनी घाबरून त्यांना बोलावलं आणि 1086 च्या ऑक्टोबरात साग्राहासच्या लढाईत त्यांनी आल्फोन्सोचा पराभव केला. यामुळे कॅस्टिलच्या खेळाडूला तोलेदो घेताना हात आखडावा लागतो, आणि समतोलाचं अर्धं काम इथेच होतं.

गेल्या महिन्यात पाच मोहिमा शंभर-शंभर टर्न चालवल्या. तोलेदो सर्वांत लवकर नवव्या टर्नला आणि सर्वांत उशिरा सतराव्याला पडलं. एकदा ते बादाहोसच्या वाटेने अल्मोराविदांकडे गेलं. ते मी तसंच राहू दिलं, कारण त्या मोहिमेत कॅस्टिलला आरागॉनने गुंतवून ठेवलं होतं आणि असं होऊ शकलं असतं. ग्रानादा तीन वेळा अल्मोराविदांकडे, दोनदा सेव्हियाकडे. वालेन्सियाचा खेळ दोनदा पूर्ण रंगला, एकदा एल सिद त्याआधीच लढाईत मेला आणि शहर सारागोसाने घेतलं.

अल्बारासिनकडे मी शेवटी वळले. बनू रझिन घराण्याचं ते डोंगरातलं लहानसं राज्य, त्याला मी सुरुवातीला शिबंदी, काउंटर, जमवाजमव, सगळं दिलं होतं. पाचही मोहिमांत ते शंभराव्या टर्नलाही उभं होतं. कारण शोधायला नकाशावाल्या मित्राबरोबर बसले. त्याने तिथल्या डोंगररांगा खऱ्यासारख्या आखल्या आहेत, आत जायला एकच वाट आहे, जमीन नापीक, उत्पन्न जवळपास नाही. कॉम्प्युटरला तिथे जावंसंच वाटत नाही. मी त्याची शिबंदी तीन तुकड्यांवर आणली आणि स्क्रिप्टमधल्या त्याच्या सगळ्या ओळी काढून टाकल्या. सहावी मोहीम आत्ता शेजारी चालू आहे, टर्न 49, म्हणजे 1104. अल्मोराविदांची एक फौज त्या वाटेच्या तोंडाशी आली आहे.